मधली जागा

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा मासिकाच्या मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर आमच्या रूमवर हशा पिकला. 'ऱ्हस्व-दीर्घात केटी नक्की' असं भविष्य रूम पार्टनरने वर्तवलं. फर्स्ट इयरला माझं आडनाव ऐकून "तुला मराठी येतं?" असं विचारणारा पहिला माणूसही हाच. तेव्हापासून मी त्याला सांगतोय की बाबा रे, आम्ही वसईचे. आजी-आजोबा घरात कादोडी बोलतात, आई-पप्पा मराठी बोलतात आणि इंग्रजी होती ती शाळेच्या गेटच्या आत. तेव्हा या लेखात चुका सापडल्या तर त्या कॉन्व्हेंटच्या आणि एखादं वाक्य बरं जमलं असेल तर ते आजीचं, असं समजून वाचावं.

विषयसुद्धा रूम पार्टनरनेच दिला. तो परभणीचा, म्हणून त्याला आपण परभणीकरच म्हणू. गेल्या नाताळात तो आमच्याकडे दिंडोशीला राहायला आला होता. दिंडोशी म्हणजे अर्धं गोरेगाव आणि अर्धं मालाड. पुढे हायवे आणि त्याच्यावरून जाणारी मेट्रो, मागे डोंगर आणि जंगल, मधे बेस्टचा डेपो, सेशन्स कोर्ट आणि आम्ही. परभणीकराला फिल्म सिटी बघायची होती. ती त्याला गेटच्या बाहेरूनच बघायला मिळाली. मग त्याची भरपाई म्हणून मी त्याला चोवीस तारखेच्या रात्री मिस्सेला घेऊन गेलो.

चर्च खच्चून भरलं होतं. आमच्या पुढच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर, त्याचा हात तिच्या पाठीमागून कमरेवर. प्रवचन होईपर्यंत दोघं तशीच. पुढे शांतीची खूण करायची वेळ आली तेव्हा त्याने सरळ तिच्या गालावर ओठ टेकवले. परभणीकराने मला कोपराने असं ढोसलं की माझी मेणबत्तीच पडली असती.

घरी येताना त्याचा व्हायवा सुरू झाला. "तुमच्यात चालतं का रे हे? आमच्याकडे देवळात नवरा-बायको जरा चिकटून उभे राहिले तरी चार जण वळून बघतात."

मी एक्स्टर्नलसारख्या आवाजात म्हणालो, "नाही चालत."

"मग सिनेमात तर फादरच सांगतो की, आता नवरीला किस कर म्हणून!"

मित्रहो, हा प्रश्न मला या हॉस्टेलवर निदान दहा जणांनी विचारला असेल, म्हणून एकदाच छापील उत्तर देऊन टाकतो. कॅथलिक लग्नविधीत असं वाक्य नाही. विधीत संमती आहे, वचन आहे, अंगठ्या आहेत. आपल्या देशात अंगठ्यांबरोबर मंगळसूत्रही आशीर्वादित करून घालता येतं. पण फादरने 'किस कर' म्हणायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. ते सिनेमातून आलं. फिल्म सिटी आमच्या घरामागे आहे. तिथली लग्नं वेगळी आणि चर्चमधली वेगळी.

मी परभणीकराला आणखीही पुष्कळ सुनावलं. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून इथे सांगतो. मिस्सेत प्रभूची प्रार्थना झाली की कम्युनियनच्या आधी फादर सगळ्यांना एकमेकांना शांती द्यायला सांगतात. तेव्हा आपल्याकडे लोक हात जोडतात आणि डावीकडच्याला, उजवीकडच्याला, मागच्याला मान लववतात. हा नमस्कार आपोआप आलेला नाही. भारतातल्या बिशपांनी मिस्सेतल्या काही गोष्टी इथल्या रीतीप्रमाणे बदलायची परवानगी मागितली होती आणि 1969 च्या एप्रिलमध्ये रोमने बारा बदल मान्य केले. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, चपला बाहेर काढणं, आरती, या गोष्टी त्या बारांत आहेत. शांतीच्या चुंबनाच्या जागी हात जोडणं किंवा समोरच्याच्या दोन्ही हातांत आपले हात देणं, हेही त्यातलंच.

'शांतीचं चुंबन' म्हटल्यावर परभणीकर थांबला. "म्हणजे आधी होतं?"

होतं. आणि चांगलं रीतसर होतं. संत पौल आपल्या पत्रांच्या शेवटी लोकांना पवित्र चुंबनाने एकमेकांना भेटायला सांगतो. साधारण 155 साली रोममध्ये लिहिणारा जस्टिन सांगतो की प्रार्थना संपली की आम्ही एकमेकांचं चुंबन घेतो. आणि जिथे हे आलं तिथे तक्रारही लगेच आली. इसवी सन 200 च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट कुरकुर करतो की काही लोक चर्चमध्ये चुंबनांचा नुसता आवाज करतात, पण त्यांच्या मनात प्रेम नसतंच. म्हणजे पुढच्या बाकाकडे बघून नाक मुरडणारा मी काही पहिला नाही, आमची परंपरा अठराशे वर्षांची आहे. पुढे पुरुषांनी पुरुषांना आणि बायकांनी बायकांनाच शांती द्यावी असा नियम आला. तेराव्या शतकात युरोपात एक छोटी पाटी निघाली. तिच्यावर फादरने ओठ टेकवायचे आणि मग ती बाकाबाकावरून फिरवायची. माणसाने माणसाला शिवायचंच नाही! तरी त्या पाटीवर आधी ओठ कोणी टेकवायचे यावरून लोक भांडत. आपल्या मेसच्या रांगेची आठवण झाली ना?

1917 च्या चर्चच्या कायद्यात तर स्पष्ट कलम होतं की चर्चमध्ये बायकांनी पुरुषांपासून वेगळं बसणं इष्ट आहे. 1983 च्या नव्या कायद्यात ते राहिलं नाही. आजचा नियम एवढाच आहे की शांतीची खूण जवळच्या माणसांना करावी आणि मर्यादेत करावी. 2014 साली रोमहून एक पत्रक निघालं, त्यातही तेच. जागा सोडून गावभर फिरू नका, ही अभिनंदनाची वेळ नव्हे.

एवढं ऐकून परभणीकर म्हणाला, "पेपर चांगला लिहिलास. पण त्या दोघांनी कोणाचं काय बिघडवलं, ते नाही सांगितलंस."

मी म्हटलं, "झोप आता."

हे झालं डिसेंबरात. खरी गोष्ट मार्चमधली आहे, आणि ती सांगताना माझा आवाज एक्स्टर्नलसारखा राहत नाही.

दोन-तीन रविवारांआड मी घरी जातो तेव्हा चर्चमध्ये स्वयंसेवक असतो. काम मोठं नाही. गळ्यात ओळखपत्र घालायचं, लोकांना जागा दाखवायची, दानाची पिशवी फिरवायची, उशिरा येणाऱ्यांना "आत सरका, आत सरका" म्हणत बाकावर बसवायचं. प्रायश्चित्तकाळातला रविवार होता. तेच नाताळातलं जोडपं माझ्या बाजूच्या बाकावर होतं. तेच डोकं, तोच खांदा, तोच हात. मागच्या एक काकू माझ्याकडे बघून भुवया उंचावत होत्या. ओळखपत्र गळ्यात असलं की माणसाला भुवयांचाही आदेश वाटतो. मी गेलो, वाकलो आणि हळूच म्हणालो, "प्लीज, हे चर्च आहे. जरा अंतर ठेवून बसा."

ती मुलगी एकदम ताठ बसली. तिच्या कानापर्यंत लाली चढली. तो काहीतरी बोलणार होता, पण तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं आणि तेही लगेच उचललं. कम्युनियनला दोघं गेली नाहीत. मिस्सा संपायच्या आधीच उठून निघून गेली. मागच्या काकूंनी मला मान डोलावून शाबासकी दिली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

घरी जाताना आम्ही चौघं होतो. पुढे मी आणि आई, मागे आजी आणि आजोबा. आजोबांना पार्किन्सन्स आहे. 2019 साली निदान झालं आणि वसईहून दोघं आमच्याकडे राहायला आली. त्यांचा उजवा हात सतत थरथरतो, म्हणून आजी तो आपल्या हातात धरूनच चालते. मिस्सेतसुद्धा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो हात तिच्या मांडीवर, तिच्या दोन्ही हातांच्या मधे असतो.

"त्या पोरांना काय सांगितलंस रे?" आजीने मागून विचारलं. आजी बोलते कादोडीत, मी इथे जमेल तसं पुस्तकी करून लिहितोय.

मी सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंस? मीपण हात धरून बसते की."

"तुझं वेगळं आहे आजी. आजोबांचा हात थरथरतो म्हणून तू धरतेस."

आजी थोडा वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "थरथरला नसता तर मला धरता आला असता का?"

रिक्षाच्या हॉर्नमध्येही ते वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी आजीने वालाच्या शेंगा सोलता सोलता जे सांगितलं, ते मी आधी कधी विचारलंच नव्हतं. लग्न झालं 1967 साली. गावच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. कायदा बदलला तरी सवय बदलली नाही. तिने बावन्न वर्षं आजोबांना मिस्सेत फक्त तिरक्या नजरेने पाहिलं, तेही पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगेत कुठला त्यांचा ते ओळखून. शांतीची खूण ती शेजारणींना करायची, ते त्यांच्या भावकीला. घरात आजोबा कडक होते. वाडीचं शिंपणं, केळी, पानवेल, बाजार यातून वेळ मिळाला तर ते रागावत. 'चुकलं माझं' हे शब्द त्यांनी आजीला कधी ऐकवले नाहीत.

"2019 ला इथे आलो. पहिल्या रविवारी तुझ्या आईने आम्हांला एकाच बाकावर बसवलं. मला कसंतरीच झालं. लोक बघतील असं वाटलं. मग फादरने शांती द्यायला सांगितली आणि हे माझ्याकडे वळले. हात जोडले आणि मान खाली घातली." आजीने शेंग तशीच हातात धरली होती. "मला वाटलं माझ्यामागे कोणी मोठं माणूस उभं आहे. मी मागे वळून बघितलं."

मागे कोणी नव्हतं.

मग लॉकडाऊन आला. चर्च बंद झालं. 2020 च्या नोव्हेंबरात उघडलं तेव्हा बाकांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या होत्या आणि दोन माणसांच्या मधे अंतर. आजोबांचा हात थरथरत होता आणि आजी एक फुली सोडून बसली होती. "तेव्हा मला कळलं," ती म्हणाली, "बाजूला बसायला मिळणं म्हणजे काय असतं." मी त्या वेळी शाळेत होतो. त्या फुल्या मला गमतीच्या वाटायच्या.

आई आतून एवढंच म्हणाली की त्या दोघांचं लग्न होऊन चारच महिने झालेत. कुरारच्या बाजूला एका खोलीत सात माणसं राहतात, त्यात हे दोघं. ती हे माझ्यावर ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आपण मुंबईची मुलं एका गोष्टीवर नेहमी हसतो. 2021 साली बोरिवलीच्या चिकूवाडीत एका सोसायटीसमोर रस्त्यावर रंगाने 'नो किसिंग झोन' लिहिलं होतं. फोटो सगळीकडे फिरला. संध्याकाळी गाड्या लावून बसणाऱ्या जोडप्यांना तिथले रहिवासी वैतागले होते. 2015 च्या ऑगस्टमध्ये मढ-आक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी चाळीसेक जोडप्यांना पकडून नेलं होतं. बंद खोलीत असलेल्या माणसांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचं कलम लावलं, म्हणून पोलिसांवर पुष्कळ टीका झाली. या दोन्ही गोष्टींवर मी हॉस्टेलच्या कट्ट्यावर मोठमोठी भाषणं दिली आहेत की या शहरात माणसांनी जायचं कुठे? आणि रविवारी गळ्यात ओळखपत्र घालून मी स्वतःच एका बाकावर तसाच रंग मारून आलो होतो.

आता तुम्ही विचाराल, मग चर्चमध्ये सगळं चालतं का? परभणीकरानेही तेच विचारलं. मी पुष्कळ विचार केला. माझं मत आजही असं आहे की मिस्सेत जोडप्याने एकमेकांच्या गळ्यात पडून बसू नये. पण कारण बदललं. आधी मला वाटायचं की शिवणं हेच अपवित्र, म्हणून नको. तसं असतं तर पौलाने चुंबन सांगितलं नसतं. शांतीची खूण का आहे, ते शुभवर्तमानात आहे. वेदीकडे दान घेऊन जाताना आठवलं की कोणाचं आपल्याशी वाकडं आहे, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करून यावं, असं येशू सांगतो. म्हणजे ती खूण आधी आहे ती ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याच्यासाठी. जो आपला आहेच त्याच्यासाठी ती शेवटी. नाताळात त्या मुलाचं चुकलं असेल तर एवढंच की तो फक्त तिच्याकडे वळला. त्याच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ हात जोडून थांबले होते, त्यांच्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आजोबा आजीकडे वळले तेव्हा बावन्न वर्षांचं बिनसलेलं होतं. म्हणून तो नमस्कार मोठा.

आणि मी? मी तर त्या दोघांना शांती सोडून बाकी सगळं दिलं.

झावळ्यांच्या रविवारी मी मुद्दाम घरी गेलो. दारात उभं राहून झावळ्या वाटायचं काम मागून घेतलं. मधल्या एका रविवारी मी घरी होतो तेव्हा ती दोघं दिसली नव्हती. त्या दिवशी आली. मी दोन झावळ्या पुढे केल्या. तिने घेतली. त्याने माझ्याकडे न बघता घेतली. दोघं अगदी शेवटच्या बाकावर दाराजवळ बसली, आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून बसली. ती जागा माझी होती. मीच मोजून दिलेली.

चर्च भरत गेलं. मिरवणूक आत आली. बाजूला लोक उभे राहिले. एक बाई कडेवर पोर घेऊन शेवटच्या बाकाच्या टोकाशी आली आणि माझ्याकडे बघू लागली. जागा करून देणं हे माझं काम. सगळ्या चर्चमध्ये तेवढी एकच जागा शिल्लक होती.

मी त्या दोघांजवळ गेलो. मला बघून ती मुलगी पुन्हा ताठ झाली. घसा कोरडा पडला होता, कुठल्याही व्हायवाला पडला नाही इतका. मी म्हणालो, "जरा जवळ सरकून बसता का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा तिला कळलं. तिने ओठ आवळून हसू दाबलं आणि ती त्याच्या बाजूला सरकली. टोकाला जागा झाली, बाई पोराला घेऊन बसली. मी तिथेच मागे भिंतीला टेकून उभा राहिलो.

शांतीची वेळ आली. नियम सांगतो की जवळच्यांना खूण करावी. माझ्या सगळ्यांत जवळ तीच दोघं होती. मी हात जोडले आणि आजोबांनी घातली असेल तेवढी मान खाली घालायचा प्रयत्न केला. वर बघितलं तेव्हा तिचे हात जोडलेले होते, हातात झावळी होती. त्याने हात जोडले नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं, मान किंचित हलवली आणि पुन्हा वेदीकडे बघू लागला. तेवढा त्याचा हक्क होता. मग तो बाजूच्या बाईकडे वळला आणि तिच्या पोराला त्याने वाकून नमस्कार केला. पोराने त्याची झावळी ओढली.

पुढे तिसऱ्या रांगेत आजीच्या हातात आजोबांचा हात होता. त्या दोघांच्या मधे झावळी ठेवायलाही जागा नव्हती.

परभणीकराला हे सगळं सांगितलं तेव्हा तो नेहमीप्रमाणे लोळत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे डिसेंबरातल्या प्रश्नाचं उत्तर आता मिळालं. चार महिने लेट सबमिशन." मग जरा थांबून म्हणाला, "आमचे आई-बाबा देवळात वेगवेगळ्या रांगेत उभे राहतात. कधी लक्षच गेलं नाही."

यावर त्याने आणखी काही म्हटलं नाही. पण रात्री उशिरापर्यंत तो बाहेर जिन्यावर बसून घरी फोनवर बोलत होता.